बिघडलेल्या आकड्यांचा माग

जुलै २०१३मध्ये जर्मनीतल्या एका कंपनीने घराचा नकाशा झेरॉक्सच्या ‘वर्कसेंटर’ यंत्रावर स्कॅन केला. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी छापलेली होती. स्कॅन होऊन आलेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. खोल्या नकाशावर नुसत्या डोळ्यांनाही लहानमोठ्या दिसत होत्या, म्हणून ही गोष्ट लक्षात तरी आली. कंपनीने डेव्हिड क्रीझेल या संगणकशास्त्रज्ञाला विचारलं. यंत्र कागदावरची अक्षरं ओळखून ती पुन्हा टाइप करत असेल आणि त्यात चुकत असेल, अशी शंका कुणालाही यावी. पण अक्षरं ओळखण्याची ती सोय बंद होती. यंत्र फक्त कागदाचं चित्र काढत होतं आणि चित्रातला आकडाच बदलत होता.

कारण सापडलं ते फाइल लहान करण्याच्या पद्धतीत. या यंत्रात ‘जेबिग-टू’ नावाची पद्धत वापरलेली होती. पानावरचे सारखे दिसणारे तुकडे ती एकदाच साठवते आणि जिथे जिथे तसा तुकडा आढळेल तिथे साठवलेला तुकडा डकवते. बारीक टायपातले इंग्रजी सहा आणि आठ तिला सारखे वाटले, की सहाच्या जागी आठ येऊन बसतो. तो आठ पुसट नसतो, चांगला ठसठशीत असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला संशय यायला जागाच राहत नाही. झेरॉक्सने सुरुवातीला सांगितलं की, कमी दर्जाची सेटिंग निवडली तरच असं होऊ शकतं. क्रीझेल यांनी सर्वांत वरच्या दर्जावरही तेच घडताना दाखवलं. मग कंपनीने सॉफ्टवेअरमधला दोष मान्य केला आणि दुरुस्ती दिली. तोवर हा दोष सुमारे आठ वर्षं जगभरच्या कार्यालयांत शांतपणे काम करत होता. स्कॅन करून मूळ कागद फाडून टाकणाऱ्या किती कचेऱ्यांत कोणती बिलं, कोणते औषधांचे डोस बदलून साठवले गेले असतील, हे आता कुणीही सांगू शकणार नाही.

क्रीझेल यांना माग लागला तो नुकसानीच्या आकारावरून. आकडे वेडेवाकडे झालेले नव्हते. त्याच पानावरचे दुसरे आकडे त्यांच्या जागी येऊन बसले होते. व्हायरस असं करत नाही, टाइप करणारा माणूस असं करत नाही, खराब झालेली हार्ड डिस्कही असं करत नाही. सारखं दिसेल ते एकदाच साठवायचं, असा नियम पाळणारी यंत्रणाच असं करते. एखाद्या कार्यालयातल्या डेटाबेसमध्ये नोंदी आपोआप बदलल्यासारख्या दिसू लागतात, तेव्हा जाणकार माणूसही आधी याच बाजूने शोध घेतो. काय बिघडलं याची यादी तो करतोच, पण त्याचं खरं लक्ष कसं बिघडलं याकडे असतं.

तक्रार बहुधा सकाळी येते. काल भरलेली पावती आज दिसत नाही. एका सभासदाच्या नावापुढे दुसऱ्याचा पत्ता आला आहे. शेऱ्याच्या रकान्यात चिनी अक्षरं उमटली आहेत. ‘डेटा करप्ट झाला,’ असं कुणीतरी म्हणतं आणि तिथून पुढची काही मिनिटं फार मोलाची असतात. बहुतेक ठिकाणी याच वेळात मशीन बंद करून चालू केलं जातं, कुणीतरी ‘रिपेअर’चं बटण दाबतं, हरवलेली पावती घाईघाईने पुन्हा भरली जाते. हेतू चांगला असतो, पण यात पुरावा पुसला जातो. रिपेअर करणं म्हणजे अनेकदा वाचता न येणारा भाग काढून टाकून उरलेला जुळवून घेणं असतं. फाइल उघडते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि किती नोंदी गेल्या हे मोजायचं राहून जातं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये दुरुस्तीचा असा एक पर्याय आहे की, तो निवडताना माहिती जाण्याला आपण संमती देतो. बॅकअपमधून परत आणणं शक्य असेल तर हा पर्याय वापरू नका, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच बजावतं.

म्हणून पहिलं काम सगळ्यांना प्रोग्रॅममधून बाहेर काढण्याचं. दुसरं, बिघडलेली फाइल आहे तशी दुसरीकडे उतरवून घेण्याचं, तारीख आणि वेळ नावात घालून. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करायची. पडद्यावर आलेला संदेश मोबाइलने टिपून ठेवायचा, कारण दुपारपर्यंत ‘काहीतरी एरर आला होता’ एवढंच कुणाच्या तरी आठवणीत उरतं.

चिनी अक्षरांचं कोडं इथेच सोडवून टाकलेलं बरं, कारण ती पाहून हॅकरने घुसखोरी केली असं समजून घाबरलेले लोक कमी नाहीत. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये मजकूर युनिकोडच्या दोन-दोन बाइटच्या जोड्यांनी साठवला जातो. नोंदीचा तो भाग तुटला किंवा सरकला की भलतेच बाइट जोडीला येतात. दोन बाइटच्या शक्य जोड्यांपैकी फार मोठा हिस्सा चिनी लिपीला दिलेला आहे, त्यामुळे कचरा वाचला तरी तो चिनी दिसण्याचीच शक्यता जास्त. अशी नोंद दिसली तर ती फुटलेली नोंद आहे, एवढाच अर्थ घ्यायचा.

ॲक्सेसचा विचार थोडा सविस्तर करायला हवा. १९९२ साली आलेला हा डेटाबेस, किंवा त्याच्या फाइलवर कुणी बांधून दिलेला प्रोग्रॅम, आजही अनेक लहान कार्यालयांचा, दवाखान्यांचा, शाळांचा हिशेब सांभाळतो. मोठ्या डेटाबेसमध्ये सर्व्हर नावाचा एक कारभारी असतो. कुणालाही काही लिहायचं असेल तर त्याला सांगायचं, लिहिणार तोच. ॲक्सेसच्या फाइलला असा कारभारी नाही. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या एकाच खतावणीत पाच कारकुनांनी एकाच वेळी आपापल्या हाताने लिहावं, तसं प्रत्येक मशीन नेटवर्कवरून त्या फाइलची पानं स्वतः वाचतं आणि स्वतः लिहितं. एखादं मशीन पान लिहिता लिहिता मध्येच तुटलं, तर अर्धं पान नवं आणि अर्धं जुनं राहतं. वायफाय क्षणभर गेलं, केबलची क्लिप सैल होती, यूपीएसची बॅटरी संपली, लॅपटॉप झाकण मिटून झोपी गेला, एवढंही त्याला पुरतं. आणि फटका त्या एका मशीनला बसत नाही, सगळ्यांच्या फाइलला बसतो. म्हणूनच ही तक्रार शोधणं अवघड जातं. रडणारा एक, कारण दुसऱ्याच्या टेबलाखाली.

इथे एक छोटी फाइल कामाला येते. ॲक्सेसचा डेटाबेस उघडला की त्याच नावाची एक कुलूप-फाइल शेजारी तयार होते आणि तिच्यात उघडणाऱ्या मशीनची नावं लिहिली जातात. सगळे नीट बाहेर पडले की ती नाहीशी होते. सगळे बाहेर पडूनही ती मागे राहिली असेल, तर कुणीतरी नीट बाहेर पडलेलं नाही. तिच्यात मशीनची नावं मिळतात. दर वेळी फाइल बिघडली की ही यादी उतरवून ठेवली, तर चार-पाच घटनांनंतर एखादं नाव प्रत्येक यादीत सापडतं. मग त्या मशीनची केबल, नेटवर्क कार्ड, वीज वाचवण्याची सेटिंग बघायची. वेळही बोलकी असते. बिघाड नेहमी जेवणाच्या सुट्टीनंतरच होत असेल, तर सुट्टीत झोपी जाणाऱ्या मशीनकडे वळायला हवं.

अर्थात केबल बदलून, मशीन बदलून, सगळं करून थकलेल्या माणसांचाही दोष नसतो. २०१८मध्ये विंडोज १०ची १८०३ क्रमांकाची आवृत्ती आली आणि जिथे वर्षानुवर्षं काही झालं नव्हतं, अशा कार्यालयांत ॲक्सेसच्या फाइली ‘विसंगत अवस्थेत’ असल्याचा संदेश येऊ लागला. नेटवर्कवर वेग वाढावा म्हणून विंडोज सामायिक फाइलचा काही भाग त्या त्या मशीनवरच थोडा वेळ धरून ठेवते. ही सोय एका वेळी एकाने वापरायच्या फाइलसाठी चांगली आहे, पण अनेकांनी मिळून लिहायच्या फाइलला घातक ठरली. फाइल जिथे ठेवली आहे त्या मशीनवर ही सोय बंद करण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टनेच सांगितला. इथे सुगावा तारखेचा होता. एकाच काळात, एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी सुरू झालेला बिघाड हा कुठल्या एका कारकुनाचा असू शकत नाही.

तारीख शोधायला बॅकअप लागतात, तेही एकावर एक लिहिलेले नकोत, दिवसागणिक वेगळे हवेत. महिन्याचे तीस बॅकअप हाताशी असतील तर तीसही उघडायची गरज नाही. मधला उघडायचा. त्यात ती नोंद शाबूत असेल तर दोष नंतरच्या पंधरवड्यात, बिघडलेली असेल तर आधीच्या. उरलेल्या भागाचा पुन्हा मधला. पाच खेपांत नेमका दिवस सापडतो. मग त्या दिवशी काय घडलं, हे हजेरीपटाशी, बिलांशी, विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीशी ताडून बघता येतं. नवा प्रिंटर बसला का, एखादं मशीन बदललं का, मुख्यालयाकडून आलेली यादी कुणी आत ओतली का? अनेक कोडी इथेच सुटतात. पेन ड्राइव्हवर रोज त्याच नावाने बॅकअप घेणाऱ्या कार्यालयात मात्र काल बिघडलेल्या फाइलची आज नीट जपलेली बिघडलेली प्रत तेवढी असते.

कधी कधी डेटाबेस धडधाकट असतो आणि तरी नोंदी बदलतात. सर्वांत सामान्य प्रकार असा: एका खिडकीवरच्या कारकुनाने सभासदाची नोंद उघडली. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीवर तीच नोंद उघडी आहे. पहिल्याने पत्ता बदलून जतन केला. दुसऱ्याने फोन नंबर बदलून जतन केला, पण त्याच्या पडद्यावर पत्ता जुनाच होता. प्रोग्रॅम निष्काळजीपणे लिहिलेला असेल, तर तो पूर्ण नोंद जशीच्या तशी परत लिहितो आणि नवा पत्ता गायब होतो. पहिला कारकून शपथेवर सांगतो की त्याने पत्ता बदलला होता, आणि तो खरंच बोलत असतो. याचा आकार ठरलेला आहे: बदल नाहीसा होतो पण कचरा दिसत नाही, जुनी माहिती परत येते, आणि तेही गर्दीच्या वेळीच.

एक्सेलमधून ये-जा करणाऱ्या माहितीचे घाव तर इतके ठरावीक असतात की ते ओळखायला प्रत्येक हेडक्लार्कला शिकवायला हवं. एक्सेल संख्येचे पंधराच अंक अचूक धरतो. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून आत गेला की शेवटचा अंक शून्य होतो. यादीतले सगळे सोळा अंकी क्रमांक शून्याने संपत असतील, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. पुण्याचा एसटीडी कोड ०२० चा २० होतो. तारखांचं नुकसान फसवं असतं. मशीनची मांडणी अमेरिकी असेल तर ५ एप्रिलची ४ मे होते, पण १३ तारखेपासून पुढे महिना तेरावा असू शकत नाही, म्हणून त्या तारखा साधा मजकूर म्हणून तशाच राहतात. त्यामुळे यादीवर वरवर नजर टाकणाऱ्याला अर्ध्याहून अधिक तारखा बरोबर दिसतात. फक्त १ ते १२ तारखाच चुकलेल्या आढळल्या, की कारण कळलं. ॲक्सेसमध्ये लांब शेरा बरोबर २५५ अक्षरांवर तुटलेला दिसला, तर त्यामागे आखूड मजकुराच्या रकान्याची मर्यादा असते किंवा नोंदी गटवार करणारी एखादी क्वेरी.

शास्त्रज्ञही यातून सुटलेले नाहीत. सेप्टिन कुळातल्या जनुकांची ‘सेप्ट’ने सुरू होणारी आणि दुसऱ्या एका कुळातल्या जनुकांची ‘मार्च’ने सुरू होणारी लघुनामं एक्सेलने सप्टेंबर आणि मार्चच्या तारखा करून टाकली. हा दोष २००४मध्येच छापून आला होता. तरी २०१६च्या एका पाहणीत एक्सेलच्या जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या. शेवटी २०२०मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २७ जनुकांची नावंच बदलली. एक्सेलमध्ये हे रूपांतर बंद करायची सोय २०२३मध्ये आली.

इंग्लंडमध्ये एक्सेलच्या आणखी एका मर्यादेची किंमत माणसांनी मोजली. कोविडची दुसरी लाट चढत असताना, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण सरकारी आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइली पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरून पुढे पाठवत होती. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत असल्याने सुमारे १,४०० रुग्णांनंतर पान भरायचं आणि पुढचे रुग्ण गळून जायचे. एक्सेलच्या २००७पासूनच्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध वेळेवर सुरू झाला नाही. रोगाच्या त्या टप्प्यावर आठवडा म्हणजे फार मोठा काळ.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयांची स्वतःची काही दुखणी आहेत, आणि त्यांचं निदान बाहेरून आलेल्या तंत्रज्ञाला सहसा जमत नाही. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्या संकेतांनीच साठवलेला असतो. तो दुसऱ्या मशीनवर फॉन्टविना उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसते. पण त्यात ‘पाटील’ हे आडनाव शंभर वेळा आलं असेल, तर शंभरही वेळा तीच चिन्हं दिसतात. म्हणजे माहिती शाबूत आहे, योग्य फॉन्टने किंवा परिवर्तकाने ती परत मिळते. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मात्र परिस्थिती गंभीर आहे. देवनागरी ज्याला कळत नाही अशा रकान्यात मजकूर लिहिला गेला आणि डेटाबेसने प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह साठवलं. मूळ अक्षर तिथे उरलेलंच नाही. कागदावरून पुन्हा भरण्याखेरीज इलाज नाही, आणि तो रकाना दुरुस्त होईपर्यंत तो प्रोग्रॅम तातडीने थांबवायला हवा.

तिसरा प्रकार तुटलेल्या नावांचा. युनिकोडच्या सर्वांत प्रचलित साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं असतात. ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये रकान्याची लांबी, वेगळं सांगितलं नाही तर, बाइटमध्ये मोजली जाते. पन्नासचा रकाना इंग्रजीत पन्नास अक्षरं धरेल, मराठीत सोळाच चिन्हं. मजकूर बाइट मोजून कापणारा प्रोग्रॅम असेल तर इंग्रजी नावं सगळी पूर्ण आणि मराठी नावं मध्येच तोडलेली, असा हा आकार.

सर्वांत चकवणारा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ यांतला अर्धा र संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत मराठीतला वेगळा ऱ आणि हलन्त असतो, दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कोणती रीत वापरली जाईल हे कीबोर्डवर ठरतं. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, डेटाबेसला ते वेगळे शब्द वाटतात. वकिलांच्या नावाआधी लिहिल्या जाणाऱ्या ‘ॲड.’ मधल्या ॲ चंही तेच. तो २००८पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, आणि अ वर चंद्र देऊनही तसाच उमटतो. मग शोधल्यावर नोंद सापडत नाही, म्हणून कारकून ती पुन्हा भरतो, एका माणसाची दोन खाती होतात आणि बाकी जुळत नाही. प्रोग्रॅममध्ये जतन करण्याआधी ही रूपं एकसारखी करून घेणाऱ्या काही ओळी लिहिल्या तर हा त्रास कायमचा जातो. मराठीत काम करणाऱ्या संस्थांनी सॉफ्टवेअर विकत घेताना ही अट लेखी घालायलाच हवी.

हे सगळं तपासूनही उत्तर मिळालं नाही, तर यंत्राकडे वळायचं. १८ मे २००३च्या बेल्जियमच्या निवडणुकीत ब्रसेल्समधल्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं पडली. मतं चुंबकीय कार्डांवर होती, ती पुन्हा मोजली गेली. बाकी सगळ्यांची मतं तेवढीच निघाली, त्या एकाची बरोबर ४,०९६ कमी झाली. चार हजार शहाण्णव म्हणजे दोनचा बारावा घात. संगणकाच्या स्मृतीतल्या एकाच बिटने शून्याचा एक केला की नेमका इतका फरक पडतो. अवकाशातून आलेल्या कणाच्या धडकेने तसं झालं असावं, असा तर्क मांडला गेला. तो सिद्ध होणं शक्य नव्हतं, पण एक बिट उलटला हे त्या आकड्यावरूनच उघड होतं. हाच बिट उलटला तर ५,००० रुपयांची पावती ९०४ रुपयांची होईल. देवनागरीत ‘क’ आणि ‘ग’ यांच्या संकेतांत एकाच बिटचा फरक आहे. हे फार दुर्मीळ असतं असं समजू नये. गूगलने २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्यांच्या सर्व्हरमधल्या स्मृतीच्या आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत वर्षभरात अशी एक तरी चूक नोंदली गेली होती. त्या सर्व्हरमध्ये चूक पकडून दुरुस्त करणारी स्मृती होती. कार्यालयातल्या स्वस्त मशीनमध्ये ती सहसा नसते.

प्रोसेसरही चुकू शकतो. फेसबुकमध्ये दाबून लहान केलेल्या फाइली उलगडून डेटाबेसमध्ये ठेवताना काही फाइली नाहीशा होत होत्या. कुठलाही एरर येत नव्हता. हरीश दत्तात्रय दीक्षित, स्नेहा पेंढारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये हा शोध सविस्तर मांडला. ज्या मशीनवर हे घडत होतं त्याच्या प्रोसेसरचा एकच कोअर, १.१ चा ५३वा घात काढून पूर्णांकात द्यायला सांगितला की १५६ ऐवजी शून्य उत्तर देत होता. ५२व्या घाताचं १४२ हे उत्तर मात्र तो बरोबर द्यायचा. फाइल उलगडण्याआधी तिचा आकार अशा गणितातून काढला जायचा. आकार शून्य आला की फाइल रिकामी समजून सोडून दिली जायची. इथवर पोचण्यासाठी या मंडळींनी लाखो ओळींच्या यंत्रभाषेतून छाटत छाटत साठ ओळींचा तुकडा वेगळा काढला, जो चालवला की दोष हमखास दिसे. असा हमखास दोष दाखवणारा छोटा तुकडा हाती येईपर्यंत शोध संपला असं म्हणता येत नाही. लहान कार्यालयातही हेच लागू आहे. केबल बदलल्यावर तक्रार आली नाही, एवढ्यावर न थांबता जुनी केबल लावून ती परत येते का, हे फाइलच्या प्रतीवर बघायला हवं.

या सगळ्या खटपटीला इतकं महत्त्व का द्यायचं, हे ब्रिटनच्या टपाल खात्याने दाखवून दिलं आहे. १९९९पासून तिथल्या टपाल कचेऱ्यांत होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली आली. ती पुढे फुजित्सू कंपनी चालवत होती. पडद्यावरची शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड जुळेनाशी झाली, की तूट कचेरीच्या चालकाने, म्हणजे उपडाकपालाने, भरायची, असा करार होता. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक उपडाकपालांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांत दोषी ठरवलं गेलं. सरे परगण्यात डाकघर चालवणाऱ्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१०मध्ये तुरुंगात पाठवलं, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांची शिक्षा एप्रिल २०२१मध्ये रद्द झाली.

या प्रणालीतले दोषही आपला आकार मागे ठेवत होते. २०१५मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनच्या उपडाकपाल बाईंनी ८,००० पौंडांची रोकड फिरत्या कचेरीच्या हिशेबात घ्यायला एंटर दाबलं. पडदा पुढे सरकेना, म्हणून पुन्हा दाबलं. चार वेळा नोंद झाली आणि हिशेबात २४,००० पौंडांची तफावत आली. चोवीस हजार म्हणजे बरोबर तीन पट आठ हजार. चोर रक्कम उचलताना आधीच्या व्यवहाराची पट साधत बसत नाही. हा आकडा वाचायची इच्छा असती, तर पहिल्याच दिवशी पुरे होता. पण वर्षानुवर्षं प्रत्येक चालकाला सांगितलं गेलं की, अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. डिसेंबर २०१९च्या निकालात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमधले दोष एकेक करून नोंदवले. फुजित्सूचे कर्मचारी दुरून, चालकाच्या नकळत, त्याच्या हिशेबात व्यवहार घालू शकत होते, हेही त्या खटल्यात उघड झालं. २०२४मध्ये संसदेला कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकत्रित रद्द कराव्या लागल्या.

इंग्लंडच्या न्यायालयांत तेव्हा, उलट पुरावा येईपर्यंत संगणक बरोबर चालत होता असं गृहीत धरलं जाई. भारतात संगणकीय नोंद पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली द्यावं लागे. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावं लागतं. त्यात, त्या काळात संगणक नीट चालत होता आणि काही बिघाड झाला असलाच तर त्याने नोंदीला बाधा आली नाही, अशा आशयाच्या मजकुराखाली कार्यालयातला जबाबदार माणूस सही करतो. ती सही प्रामाणिकपणे करायची तर त्याच्यापाशी काही गोष्टी असायला हव्यात. प्रत्येक कर्मचाऱ्याचं वेगळं लॉगइन, कारण एकच पासवर्ड सगळे वापरत असतील तर नोंद कुणी बदलली हे सिद्धच होत नाही. प्रत्येक बदलाची वेळ, मशीन आणि जुनी किंमत लिहून ठेवणारा तक्ता, जो खुद्द सॉफ्टवेअरवाल्यालाही पुसता येणार नाही. दिवसागणिक वेगळे बॅकअप, आणि त्यातला एखादा दर महिन्याला दुसऱ्या मशीनवर खरोखर उघडून, नोंदी मोजून केलेली खातरजमा. आणि एक साधी वही, जिच्यात फाइल केव्हा बिघडली, काय दिसलं, कोणाची मशीन चालू होती आणि काय केल्यावर ती परत उघडली, हे त्याच दिवशी लिहिलेलं असेल.